एकोणीस वेळा परत आलेलं उत्तर

आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम माझं, आणि ती तशी घडलीच नव्हती हे सांगायचं काम बायकोचं. ही गोष्ट मी आतापर्यंत सात-आठदा पाहुण्यांसमोर सांगितली. शेवटच्या वेळी पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "आता लिहूनच काढा हे. तोंडी सांगता तवा दर खेपेले तुमी जास्तच हुशार होऊन राह्यले." म्हणून लिहितो आहे. जेवढा मूर्ख होतो तेवढाच कागदावर राहावा, एवढी काळजी घेतो.

मी वाशीमला एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात बाबू आहे. संस्थेच्या शाळा जिल्ह्यात विखुरलेल्या, एक अनसिंगला, एक शेलूबाजारला, बाकीच्या आतल्या गावांत. मी कॉम्प्युटरचा माणूस कसा झालो याचं कारण फार साधं आहे. एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद माझ्या हातून निघाला आणि ते सचिवसाहेबांनी पाहिलं. त्या दिवसापासून इमारतीतली प्रत्येक वायर माझ्या नावावर झाली.

संस्थेत ई-मेल आला तेव्हा सगळ्या शिक्षकांना शिकवायची जबाबदारीही माझ्यावर आली. शिक्षकांना मेलची भीती नव्हती, पत्त्याची होती. कुठे टिंब, कुठे आडवी रेघ, एक अक्षर चुकलं की सगळं मुसळ केरात. तेव्हा मला एक युक्ती सुचली आणि मी ती भर सभागृहात जाहीर केली. "पत्ता पाठ करायची गरजच नाही. ज्याला लिहायचं आहे त्याचा कोणताही जुना मेल उघडा आणि रिप्लाय दाबा. मेल आपोआप त्याच्याच घरी जातो." टाळ्या पडल्या. निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी तर माझा हात हातात घेतला.

ही युक्ती सर्वांत जास्त आवडली ती सचिवसाहेबांना. साहेब जुन्या फायलींमध्ये वाढलेले. एक विषय, एक फाईल, कागदावर कागद. त्यांनी तिचा नियमच केला: ज्या विषयाचा मेल, त्याच मेलवर उत्तर, नवा मेल म्हणजे नवं प्रकरण. मग काय, आमच्या संस्थेत नवा मेल कोणी लिहीनासंच झालं. मुख्याध्यापकांची रजा स्नेहसंमेलनाच्या परिपत्रकाखाली यायची. परीक्षेच्या वेळापत्रकाला कोणाच्या तरी नातवाच्या बारशाचं निमंत्रण लटकलेलं असायचं. काही मेल तर इतके लांब की खाली खाली गेलं की आपलंच दहा वर्षांपूर्वीचं शुद्धलेखन भेटायचं.

गेल्या वर्षी आमचा मेल सर्व्हर बदलला. जुना म्हणजे माझ्या टेबलामागच्या खोलीतली एक काळी पेटी. उन्हाळ्यात तिच्यावर टेबलफॅन लावायचो आणि मी घामात बसायचो. नव्याचं काम एका कंपनीकडे दिलं. तिथली इंजिनियर मुलगी फोनवरच सगळं बोलायची. आवाजावरून माझ्या पुतणीच्या वयाची असावी. पहिल्या फोनला तिनं मला सर म्हटलं, दुसऱ्या फोनपासून काका.

काम सुरू करण्याआधी तिनं विचारलं, "काका, मेल तर सगळे आणतेच. लोकांची जुन्या सर्व्हरवरची आतली नावंपण सोबत आणायची का?"

आतली नावं म्हणजे काय ते मला कळलं नाही. पण कळलं नाही असं पुतणीच्या वयाच्या मुलीला सांगायचं म्हणजे जरा जड जातं. मी म्हणालो, "जुनं कायले पाहिजे? सगळं नवंच ठेवा, स्वच्छ."

"नक्की?"

"हो हो."

हे "हो हो" लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातले निम्मे घोटाळे या दोन अक्षरांनी केलेत.

सोमवारी नवा सर्व्हर सुरू झाला. साहेबांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. मी कंपनीच्या मुलीला एक नवा मेल टाकला, तिचं उत्तर आलं. म्हणालो, चला, गंगेत घोडं न्हालं. अकरा वाजता पहिला फोन आला, मग दुसरा, आणि दुपारपर्यंत माझा कान तापला. सगळीकडून एकच तक्रार. रिप्लाय दाबला की मिनिटभरात मेल परत येतो आणि सोबत एक भलंमोठं इंग्रजी पत्र. नवा मेल धडपणे जायचा, पण तो आमच्याकडे लिहितं कोण? कोणी पत्ता खोडून हातानं लिहायला बसलंच, तर दोन अक्षरं झाली की कॉम्प्युटर आपल्या आठवणीतला जुनाच पत्ता पुढे करायचा आणि माणूस खुशीत तोच दाबायचा. मीही तेच केलं, चार वेळा.

मग मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सूचना टाकली: असे इंग्रजी मेल आले तर घाबरू नये, ते वाचू नयेत, ताबडतोब डिलीट करावेत. माझ्या नोकरीत माझी सूचना जवळजवळ सर्वांनी एकदिलानं पाळली ती हीच.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मंगळवारी शेलूबाजारच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला.

या बाई आमच्याकडे पंधरा वर्षं मराठी शिकवतात. त्यांचं माहेर अनसिंगचं. आई नाही, भाऊ नाही. त्याच्या वर्षभर आधी वडिलांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं. शेजारची मावशी भाकर देते, पण औषध, आंघोळ, रोज थोडं चालवणं, हे बाईच करायच्या, तेही शनिवारी-रविवारी. शनिवारी शाळा सुटली की शेलूबाजारहून जीपनं वाशीम, वाशीमहून पुढे अनसिंग, आणि सोमवारी पहाटे तसंच उलटं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज चालवलं तर पाय परत येईल, नाही चालवलं तर कायमचा खाटेवर. आठवड्यातले दोन दिवस चालवून पाय येत नव्हता.

अनसिंगच्या शाळेतले गणिताचे सर शेलूबाजारला यायला तयार होते, कारण त्यांचं शेत तिकडेच आहे. दोघांनी अदलाबदलीचा अर्ज केला. बाईंच्या शाळेला गणित हवंच होतं, अनसिंगला मराठी. फक्त साहेबांनी मेलवर मागितलेली सरांची लेखी संमती यायची होती आणि शुक्रवारी चारच्या बैठकीत त्या वर्षीच्या बदल्यांची यादी बंद होणार होती.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "सरांची संमती आली का हो तिथं?"

"नाही आली."

"ते तर म्हणतात मी पाठवली." मग आवाज खाली आणून, "खरं सांगा, त्यांनी विचार तर नाही बदलला?"

मी साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब वाईट माणूस नाही, पण नियम त्यांना लेकरासारखे. "साहेब, सरांना नवा मेल टाकायला सांगू का?"

"नवा मेल म्हणजे नवं प्रकरण. नवं प्रकरण म्हणजे आजची तारीख. अर्जाची मुदत तर मागच्या महिन्यात संपली, बाबू."

"व्हॉट्सॲपवर मागवू?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मी बाहेर आलो. नियमाचं मूळ माझ्याच युक्तीत होतं, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं.

बुधवारी कंपनीच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काका, तो परत आलेला मेल मला जरा वाचून दाखवा."

तो मी डिलीट केला होता. मी म्हणालो, "नेहमीचंच हो, गेला नाही असंच लिहिलंय."

"नाही, त्यात खाली एक लांबलचक पत्ता असतो. पुन्हा आला की तो बघा. मला वाटतं जुन्या मेलमध्ये जे नाव आहे ते नवा सर्व्हर ओळखत नाहीये. समजतंय ना काका?"

"हो हो."

फोन ठेवला आणि मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग इंटरनेटची पेटी बंद करून चालू केली. गुरुवारी तर मेन स्विचही, तेव्हा लेखाविभागातल्या बाईंनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

शुक्रवारी बारा वाजता दारात अनसिंगचे सर उभे. उंच, सडपातळ माणूस, पायात धुळीनं भरलेल्या चपला, काखेत दोरीनं बांधलेली फाईल. त्यांनी ती माझ्या टेबलावर आपटली.

"घ्या बाबू, मोजा."

"काय आहे सर?"

"एकोणीस वेळा पाठोलं मी साहेबाले. एकोणीस वेळा वापस आलं. दर वेळचं वापस आलेलं छापून ठेवलं हाय. तिकडं त्या बाईले वाटून राह्यलं का मी शब्द देऊन फिरलो. लकव्याचा बाप हाय तिचा, अन् मी फिरीन? माह्यावर हा डाग नोको."

"पण सर, मी तर डिलीट करायला सांगितलं होतं."

"तुमी सांगतलं, मी नाई केलं. आलेला कागद फेकत नाई मी."

या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत ते त्या क्षणी मला कळलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की ते सकाळपासून उपाशी आहेत. संमती हातोहात कागदावर घ्यावी, तर तेही साहेबांच्या हिशेबी आजच्या तारखेचं नवं प्रकरण. माझं घर कार्यालयामागच्या गल्लीत. म्हणालो, चला, आधी दोन घास खाऊ.

बायकोनं ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. सर जेवता जेवताही फाईल सोडेनात. गणिताचे शिक्षक ते, परत आलेल्या एकोणीसही कागदांवर त्यांनी लाल पेननं खुणा केल्या होत्या. "हे पायजा. मी रिप्लाय कोणाले केला? साहेबाले. पण खाली पायजा काय छापून येते. हा साहेबाचा पत्ता हाय का? हे भलतंच काही हाय, दीड ओळीचं. अन् एकोणीस बी कागदावर अक्षर न् अक्षर तेच. म्हंजे चूक माही नाई. पत्र कोणत्या तरी दुसऱ्याच नावानं जाऊन राह्यलं."

मला मुलीचं बोलणं अर्धवट आठवलं. "ती म्हणत होती खरं. जुना सर्व्हर आपल्या माणसांना पत्त्यानं नाही, स्वतःच्या आतल्या नावानं ओळखायचा. जुन्या मेलमध्ये माणसाचं तेच नाव आहे, नवा सर्व्हर त्या नावानं कोणाला ओळखत नाही."

भाकर वाढता वाढता बायको थांबली. "म्हंजे माह्या भावासारखंच झालं."

सर माझ्याकडे पाहू लागले. मी भाकरीकडे.

ही गोष्ट आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली. बायको इंझोरीची. आमच्याकडे लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. मीही मोठ्या ऐटीत लिहिलं. घरात, गल्लीत सगळे तिला त्या नव्या नावानं हाक मारायला लागले. दोन-तीन महिन्यांनी तिचा मोठा भाऊ तुरीच्या ओल्या शेंगांचं पोतं घेऊन एसटीनं आला. घरोघरी फोन तेव्हा नव्हते. गल्लीच्या तोंडाशी त्यानं बहिणीचं माहेरचं नाव घेऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, या नावाचं इथं कोणी नाही. पिठाच्या गिरणीवालाही तेच म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं आपण गल्लीच चुकलो. तासभर फिरला आणि पोतं उचलून इंझोरीला वापस. इकडे पन्नास पावलांवर बहीण अंगणात धुणं वाळत घालत होती.

आठ दिवसांनी हे कळलं तेव्हा ती दिवसभर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी आई पदर खोचून बाहेर पडली. दुकानदार, गिरणीवाला, नळावरच्या बाया, एकेकाला गाठून म्हणाली, "ऐकून ठेवा, हे बी नाव माह्या सुनेचं अन् ते बी नाव माह्या सुनेचं. कोणत्याबी नावानं कोणी आलं, तरी माह्याच घरी पाठवा." त्यानंतर आमच्या दारावरून कोणी परत गेलं नाही. आई आता नाही. पण अजूनही इंझोरीचं कोणी आलं की गिरणीवाल्याचा मुलगा बरोबर आमच्या दाराशी आणून सोडतो.

"मंग सांगा ना त्या नव्या सर्वरले," बायको म्हणाली, "का हे बी नाव साहेबाचंच हाय. आत्याबाईनं नाई सांगतलं का गल्लीत? त्यात एवढा इचार कायले?"

मी हात धुतला, भाकर अर्धीच टाकून. आमच्याकडे हे फारसं घडत नाही. अंगणातूनच मुलीला फोन लावला.

"बाळ, एका माणसाच्या खात्याला दोन नावं लावता येतात का?"

"हो काका, कितीपण लावता येतात. बुधवारी तेच तर सांगणार होते, तुम्ही हो हो म्हणून फोन ठेवला."

"मला तेव्हा समजलं नव्हतं," मी म्हणालो. हे वाक्य मी पुतणीच्या वयाच्या कोणाला पहिल्यांदाच म्हटलं. काही झालं नाही, आभाळ जागच्या जागी होतं.

ती हसलीसुद्धा नाही. "मग आता हळूहळू करू. तो परत आलेला मेल आहे का हाताशी?"

"एकोणीस आहेत."

पावणेतीन वाजले होते. कार्यालयात मी खुर्चीवर, फोन कानाला, सर शेजारी लाल खुणांचा कागद धरून. ते एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचे, वर्गात वाचतात तसं. मधूनमधून आलेली कचऱ्यासारखी चिन्हं कुठे गाळायची, त्यांच्या जागी काय टाकायचं, ते मुलगी सांगायची. मी साहेबांचं खातं उघडून त्यांच्या नव्या पत्त्याखाली ते दीड ओळीचं जुनं नाव लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं आणि सरांनी शेजारच्या कॉम्प्युटरवरून विसाव्या वेळी रिप्लाय दाबला. मिनिटभरात परत.

सरांनी कागद माझ्या पडद्याजवळ धरला आणि बोटानं एकेक अक्षर ताडून पाहिलं, एखाद्या ढ पोराचं उत्तर तपासावं तसं. "बाबू, इथं एक रिकामी जागा सुटली."

ती भरली. तीन वीस. सरांनी पुन्हा रिप्लाय दाबला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. एक मिनिट गेलं, दोन गेली. परत काही आलं नाही. फोनवरून मुलगी विचारत होती, "काका, आला का परत?"

मग आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज आला. "अहो बाबू, अनसिंगची संमती आली बरं. त्याच मेलवर आली, चांगलं झालं. एवढा उशीर कायले केला सरांनी?"

सर तोंड उघडणार तेवढ्यात मी त्यांचा हात दाबला आणि आत गेलो. साहेबांना सांगितलं की सरांनी सोमवारीच पाठवली होती, उशीर माझ्यामुळे झाला, जुनी नावं आणायला मीच नाही म्हणालो होतो. साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता खुलासा मागवणार, लेखी, त्याच मेलवर. पण ते म्हणाले, "बसा. पाणी प्या." चारच्या बैठकीत यादीत दोन्ही नावं होती.

शेलूबाजारला फोन सरांनीच केला. "बाई, गेलं बरं का. मी फिरलो नव्हतो." पलीकडून काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. सर फक्त "हाव, हाव" करत होते, आणि मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

पुढचे दहा दिवस मी संस्थेतल्या प्रत्येकाच्या खात्याला त्याचं जुनं नाव लावत होतो. मुलीनं विचारलं होतं, "एकदम सगळ्यांचं करून देऊ का?" मी म्हणालो, नको, हातानंच करतो. काहीतरी फेडायचं होतं म्हणा. प्रत्येक नावाला मनात आईचं वाक्य यायचं, हे बी नाव त्याचंच. काम संपलं त्या दिवशी पेढ्यांचा एक डबा मुलीच्या कंपनीला पाठवला आणि एक घरी नेला. बायको म्हणाली, "माह्या भावाले द्या. त्याच्या तुरीच्या शेंगाईनं काम केलं." इंझोरीला तोही पोचवला. मेव्हण्याला सर्व्हर वगैरे काही कळलं नाही. एवढं कळलं की त्याच्या त्या तासभराच्या फेरीमुळे पंचवीस वर्षांनी कोणाचं तरी भलं झालं. पेढा तोंडात टाकून म्हणाला, "मंग त्या येळी मले कोणी पाणी बी नव्हतं इचारलं." आम्ही त्याला पाणी दिलं.

नव्या वर्षाची शाळा सुरू झाली, बाई अनसिंगला रुजू झाल्या. मधे काही महिने त्यांचं काही कळलं नाही, आणि मीही विचारलं नाही. वाईट ऐकायला लागलं तर, अशी एक भीती असतेच.

परवा दुपारी एक मेल आला. वर विषय पाहून मी चक्रावलो: "ई-मेल प्रशिक्षण, चहापानासह". माझ्याच त्या जुन्या परिपत्रकावर रिप्लाय होता. खाली बारा वर्षांपूर्वीच्या माझ्या सूचना जशाच्या तशा, पहिली सूचना, पत्ता पाठ करायची गरज नाही. आणि वर बाईंनी लिहिलं होतं:

"भाऊ, आज मधल्या सुट्टीत बाबा शाळेच्या फाटकापर्यंत आले. काठी घेऊन, एकटेच. माझा डबा घरी राहिला होता, तो द्यायला."

मी ते दोनदा वाचलं. मग रिप्लाय दाबला.